नाव घातलेलं एक भांडं

बाई आमच्या माडीवर राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन ट्रंका, एक शेगडी आणि एक काळी छत्री होती. डिसेंबरची सकाळ होती. डिसेंबरात छत्री घेऊन उभं असलेलं माणूस पोलादपूरने त्याआधी पाहिलं असेल असं वाटत नाही. मी दारात उभा राहून, घरमालकाला शोभेल अशा भारदस्त आवाजात म्हणालो, "या, या! प्रवास कसा झाला?"

"प्रवासाचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुमच्या दारातलं हे झाड कसलं?"

"झाड? कुठलं झाड?"

बाईंनी छत्रीचं टोक माझ्या डोक्याच्या वर नेलं. मी झाडाखालीच उभा होतो. वीस वर्षं माझी स्कूटर मी त्याच्या सावलीत लावत होतो आणि दर उन्हाळ्यात सीटवर पडलेला त्याचा कचरा झाडताना त्याला शिव्याही घालत होतो. पण ते झाड आहे, आणि त्याला नाव असणार, हा विचार काही डोक्यात आला नव्हता. शेवटी आतून आई ओरडली, "करंज आहे तो! एवढा मोठा झाला, करंज ओळखत नाही!" हे 'एवढा मोठा' झाडाबद्दल नव्हतं.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पर्समधून छोटी वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. ते माझ्याबद्दल होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

सहा वर्षं त्या माडीवर राहिल्या. घाटावरच्या होत्या, वय पन्नाशीच्या पुढचं, एकट्या. लग्न केलं नव्हतं की जमलं नव्हतं, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. शाळा आमच्या दुकानासमोरच. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. बाईंकडे तिसरी. आणि माझं दुकान स्टेशनरी आणि झेरॉक्सचं, म्हणजे शाळेच्या जिवावर जगणारं. तेव्हा नवीन बाई म्हणजे नवीन गिऱ्हाईक, या हिशेबानं मी पहिल्याच आठवड्यात 'आपले मदतनीस' या चित्रांचा गठ्ठा घेऊन माडीवर गेलो. पोस्टमन, शिंपी, कुंभार, पोलीस, सगळे एका पानावर. कापायचे, वहीत चिकटवायचे, प्रकल्प तयार. आमच्याकडे वर्षानुवर्षं परिसर अभ्यास असाच शिकवला जात होता आणि त्यावर माझं बरं चाललं होतं.

बाईंनी पान हातात घेतलं. "हा पोस्टमन सायकलवर आहे."

"हो."

"आपला मोटरसायकलवर येतो. अकरा वाजता, तुमच्या दुकानावरून. मुलांनी याचं चित्र तुमच्याकडून विकत का घ्यावं?"

पुढचे चार दिवस तिसरीची मुलं अकरा वाजता रस्त्याच्या कडेला उभी राहिली. त्यांच्या वह्यांत पोस्टमनच्या खिशात दोन पेनं असतात आणि त्यातलं एक चालत नाही, इथपासून ते कुत्रं असलेल्या घरासमोर तो गाडीवरून न उतरता नुसता हॉर्न मारतो, इथपर्यंत सगळं आलं. 'आपले मदतनीस'चा गठ्ठा माझ्या दुकानात अजून आहे. कुणाला हवा असेल तर सांगा.

बाईंच्या वर्गात 'छान' या शब्दाला बंदी होती. 'छान', 'सुंदर' आणि 'खूप मजा आली', हे तिन्ही चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचे. पोरगं म्हणालं, "बाई, काल जत्रा छान होती," की बाई म्हणायच्या, "म्हणजे तू काही पाहिलं नाहीस. जा, दारात उभा राहा, आठव आणि मग सांग." पोर दारात उभं राहायचं, छताकडे बघायचं, आणि परत येऊन म्हणायचं, "पाळण्यावाल्याच्या एका बोटाला नख नव्हतं." बाईंचा चेहरा तेव्हा कसा उजळायचा! पगारवाढीच्या दिवशीसुद्धा तसा उजळत नसेल.

आणि ती छत्री. ती फक्त टोक करून वस्तू दाखवायला होती. पावसाळ्यात बाई रेनकोट घालायच्या आणि छत्री प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काखेत धरायच्या. मी एकदा विचारलं. "पावसात छत्री खराब होते," बाई म्हणाल्या. मी झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून उगीच आत बघत बसलो.

त्यांचा वर्ग बराचसा वर्गाबाहेर भरायचा. एसटी स्टँडवर पोरं रांगेत उकिडवी बसून गाड्यांच्या चाकांकडे बघत असायची. एकदा मी माल उतरवून घ्यायला गेलो होतो, तेव्हा एका जीपचा ड्रायव्हर कपाळाला हात लावून उभा होता. समोर एवढीशी पोर सांगत होती, "बाई, ह्या चाकाला तांबडी माती हाय नि सुकलेलं शेण हाय. नि वरती टपावर नाचणीच्या गोणी. ही वरच्या डोंगरातल्या कुडपणसून आली."

"अगो, तू पोलिसात जा," ड्रायव्हर म्हणाला. "पण माझ्या गाडीपासून लांब ऱ्हा."

सहलीचा किस्सा तर पालक अजून सांगतात. तिसरीची सहल रायगडला जायची ठरली. पालक म्हणून, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून, मीही होतो. हिरकणीवाडीत उतरलो. पोरं रोपवेकडे बघून नाचायला लागली आणि बाईंनी त्यांना सरळ एका ताक-भाकरीच्या टपरीसमोर बसवलं. गडावर जायचंच नव्हतं.

टपरीवालीला वाटलं, पैसे कमी पडले असतील. "बाय गो, पायथ्याला आणून पोरांना गड नाय दाखवत? काय म्हनावं तुला!"

"आम्ही तुम्हाला बघायला आलोय," बाई म्हणाल्या.

"माला? माज्यात काय बघायचा हाय? मी काय राणी लागून गेले?"

पहिला तासभर ती पदर सावरत आणि लाजत होती. मग विसरली आणि आपल्या कामाला लागली. दुपारपर्यंत पोरांनी वह्या भरल्या. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याच्या पायांकडे बघते, मग तोंडाकडे. बूट नवे असले की थंड्याची बाटली पुढे करते, चपला झिजलेल्या असल्या की पाणी. आमच्या कन्येनं, म्हणजे माझ्या मुलीनं, लिहिलं होतं : 'काकूंच्या दोन चुली आहेत. एक गिऱ्हाइकांची आणि एक घरची. गिऱ्हाइकांच्या चुलीवर पिठलं, भाजी, भाकरी. घरच्या चुलीवर फक्त आमटी.' बाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. टपरीवाली मला म्हणाली, "तुमची काय ही पोर? माज्या सासूपेक्षा बारीक बघते." मला अभिमान वाटला. ज्याला दारातला करंज दिसला नव्हता, त्याच्या पोटी हे आलं होतं.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री गडबड उडाली. गडाच्या पायथ्याशी नेऊन गड न दाखवता परत आणलेली सहल, महाराष्ट्रात पहिलीच असावी. बाईंनी एकच उत्तर पाठवलं : 'गड पुढच्या वर्षीही असेल.' आणि पुढच्या वर्षी त्यांनी खरंच त्या मुलांना गडावर नेलं, चौथीच्या गुरुजींची परवानगी काढून.

हे सगळं गमतीचं होतं, तोवर बाई मला आवडत होत्या. मग आपलं कुटुंब आणि नातेवाईक हा पाठ आला.

त्यासाठी बाईंनी मुलांना सांगितलं, घरातून नाव घातलेलं एक भांडं आणा. आपल्याकडे प्रत्येक भांड्यावर काहीतरी लिहिलेलं असतंच. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कुठल्या मामानं, कुठल्या मंडळानं. कार्यात भांडी एकमेकांत मिसळतात, म्हणूनही नाव घालायचं. मुलांनी ते नाव वाचायचं, घरी विचारायचं आणि वहीत चार रकाने भरायचे : भांडं, नाव, नातं, कुणी सांगितलं. त्या आठवड्यात शाळा म्हणजे भांड्यांचं दुकान झाली होती. कळश्या-परातींचा खणखणाट माझ्या दुकानात ऐकू यायचा. एका पोराला कळलं, की त्याचे पणजोबा मुंबईत कापड गिरणीत होते. कारण पातेल्यावर तसं लिहिलं होतं आणि घरात तीन पिढ्या त्या पातेल्यात भात शिजवूनही ते कुणी वाचलं नव्हतं.

आणि एका घरात दुसऱ्या घरचा झारा निघाला.

शाळेच्या फाटकात दोन आया समोरासमोर उभ्या राहिल्या. "ह्यो झारा माझा हाय गो! नऊ वर्सं शोधतेय मी!"

"मग माझ्या दिराच्या लग्नात आणलावतास, तर नेलास का नाय? मी काय तुझ्या दारात आणून देऊ?"

"नि माझ्या पोराला सांगतेस, तुझ्या आवशीला वस्तू सांभाळता येत नाय!"

अर्धा तास हे चाललं. बाई बाजूला उभ्या राहून शांतपणे ऐकत होत्या, आणि मुलं, देवा शप्पथ, वहीत लिहून घेत होती.

झारा जिचा होता, तिचा नवरा त्या संध्याकाळी माझ्याकडे आला. तो समितीचा अध्यक्ष. हातात अर्ज. बाईंनी घरगुती बाबी शाळेत आणू नयेत, हा उपक्रम बंद करावा आणि बाईंना समज द्यावी, असा मजकूर. "भाऊ, घरातलं घरात ऱ्हायला पायजे," तो म्हणाला. "आज झारा निघाला. उद्या काय निघंल? तीन झेरॉक्स मारा नि पहिली सही तुमची."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. जरा जास्तच पटकन म्हणालो. झेरॉक्स काढल्या, सही उद्या करतो म्हटलं आणि अर्ज गल्ल्याच्या खणात ठेवला.

मला घाई होती, कारण त्या सकाळी माझी मुलगी शाळेत एक स्टीलचं फुलपात्र घेऊन गेली होती.

ते फुलपात्र माझ्या बारशाचं. त्यावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत माझं नाव आहे, पुढे 'यास बारशानिमित्त', मग बोटभर जागेत नुसते ओरखडे, आणि शेवटी 'कडून'. मुलीनं ते न्यायला मागितलं तेव्हा आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. मग आई म्हणाली, "ने. सांभाळून आण."

रात्री मुलगी वही घेऊन बसली. "बाबा, कुणाकडून?"

"घासून घासून गेलं गं ते नाव. आजीचा हात जड आहे."

स्वयंपाकघरात आईचा आवाज होता, भांडी लावल्याचा. तो थांबला. मुलीनं रकाना कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं माझं उत्तर वर्गात सांगितलं. बाई खोटं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "असेल. करून बघू या." आणि त्यांनी अख्ख्या वर्गाकडून जुन्या डब्यांची झाकणं घासून घेतली. राखेनं, काथ्यानं, तारेच्या घासणीनं, आणि लोहाराकडून आणलेल्या कानशीनं.

मी दुकानात कागदाचे गठ्ठे कापत होतो. मुलगी येऊन समोर उभी राहिली आणि एका दमात सांगू लागली. "बाबा, घासणीचे चरे गोल गोल पडतात. आणि घासून जायचं असतं तर शेजारची अक्षरंपण गेली असती. 'बारशानिमित्त' तर चकचकीत आहे. हे घासून नाही गेलं. हे कानशीनं काढलंय. आणि डावऱ्या माणसानं."

"ते कसं काय?" मी विचारलं.

"सगळ्यांनी कानस चालवून बघितली. सगळ्यांचे चरे असे तिरके पडले." तिनं बोट एका बाजूला झुकवलं. "वर्गात एकच मुलगी डावरी आहे. तिचे असे पडले." बोट दुसऱ्या बाजूला झुकलं. "फुलपात्रावरचे तिच्यासारखे आहेत."

बोलता बोलता ती थांबली. ती माझ्या हाताकडे बघत होती. पाती माझ्या डाव्या हातात होती.

तिनं काही विचारलं असतं तर मी ओरडू तरी शकलो असतो. ती वही घेऊन आत गेली, आणि मी दुकान उघडं टाकून तरातरा माडीवर चढलो.

"तुम्हाला हे माहीत होतं," मी बाईंना म्हणालो. "माझ्या घरातलं हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या मुलीला त्यावर सोडलंत!"

बाई स्टुलावर बसून वह्या तपासत होत्या. "मला काहीही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला एवढंच दिसलंय, की तुमच्या आई सगळी भांडी कामवालीला टाकतात, पण ते एक फुलपात्र कधी टाकत नाहीत. ते स्वतः धुतात, पुसतात आणि फळीवर आतल्या बाजूला ठेवतात. तीन महिन्यांत एकदाही चुकलेलं नाही. त्याचा अर्थ मी लावला नाही. तो लावायचा अधिकार माझा नाही."

मी त्याच घरात सत्तेचाळीस वर्षं जेवत होतो. मला ते दिसलं नव्हतं.

ते नाव मी काढलं होतं. मी बारा वर्षांचा होतो. नाव माझ्या आत्याचं. ती वडिलांची एकुलती बहीण, महाडला बालवाडीत शिकवायची. तिथंच नोकरीला असलेल्या एका शिक्षकाशी तिनं लग्न केलं. ते महाडजवळच्या एका गावातले, बौद्धवाडीतले. आमच्या घरात तोवर सगळे सुधारलेले होते. वडील जातपात मानत नाहीत, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. लग्नाची बातमी आली त्या दिवशी ते बंद झालं. आत्याचे फोटो गेले, पुस्तकं गेली, साड्या गेल्या. फुलपात्र राहिलं, कारण आई दारात आडवी उभी राहिली : "पोराच्या बारशाचं आहे. टाकू देणार नाही." सबंध प्रकरणात आई एवढंच बोलली. वडिलांनी विचार केला आणि तोडगा काढला. भांडं ठेवायचं, नाव काढायचं. आम्ही माणूस टाकलं आणि भांडं ठेवून घेतलं.

वडिलांनी कानस माझ्या हातात दिली. एरवी त्यांच्या हत्यारांना हात लावला तर पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे खरं सांगायचं तर त्या दुपारी मला आनंद झाला होता. पायरीवर बसून, जीभ बाहेर काढून, मी मन लावून ते काम केलं.

नंतर मोठा झालो, वडील गेले, दुकान माझं झालं. मालासाठी दर शनिवारी महाडला जायचो. आत्या मला तिथं तीनदा दिसली. तिसऱ्यांदा तर इतकी जवळून, की मी समोरच्या दुकानात शिरलो. ते ब्लाऊजपीसचं निघालं. पंधरा मिनिटं आत काढून, काहीतरी घ्यायला हवं म्हणून दोन अस्तरं घेऊन बाहेर आलो. बायकोला काय सांगितलं ते आठवत नाही, पण रंग चुकल्याबद्दल तिनं बरंच ऐकवलं होतं.

त्या संध्याकाळी हे सगळं मी मुलीला सांगितलं. बायको तिथंच होती, आई स्वयंपाकघराच्या दारात. अस्तरांचंही सांगितलं, कारण आता लपवून उपयोग नव्हता.

मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे ती आहे?"

"आहे."

"कुठे?"

"महाडला."

"महाडला?" तिचा आवाज चढला. "आपण शनिवारी जातो त्या महाडला?"

तासाभराचासुद्धा रस्ता नाही. पस्तीस वर्षं झाली होती. मी मान हलवली.

"तुम्ही जा," आई म्हणाली. "मला गुडघ्यांनी होत नाही." मग म्हणाली, "गुडघ्यांचं निमित्त आहे. मी तिची वहिनी. भांड्यासाठी आडवी आले, तिच्यासाठी नाही आले. मी कुठल्या तोंडानं जाऊ? तुम्ही जा."

शुक्रवारी अध्यक्ष झेरॉक्स न्यायला आला. मी सही न केलेले कागद त्याच्यापुढे ठेवले.

"सही?"

"माझी नको. आमच्या घरचं पान अजून भरायचं राहिलंय."

तो कागदांची घडी घालून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आमच्या बायकोनं पन नाय केली. झारा घेऊन आली नि दुसऱ्या दिवशी त्याच बाईकडं चहाला गेली. आता मी एकटा काय करू?"

शनिवारी मी, मुलगी आणि पिशवीत फुलपात्र असे महाडला गेलो. घर शोधावं लागलं नाही. बालवाडीच्या बाई म्हटल्यावर पहिल्याच माणसानं बोट दाखवलं. दार काकांनी उघडलं. आत्याच्या यजमानांना मी जन्मात पहिल्यांदा 'काका' म्हणालो. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण मी नाव सांगायच्या आत ते म्हणाले, "बसा. ती आलीच." आणि टीव्ही बंद करून आत चहा टाकायला गेले.

आत्या आली. मला काय बोलायचं ते येताना मी पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवेना, म्हणून मी पिशवीतून फुलपात्र काढून पुढे केलं. तिनं ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. अंगठा त्या ओरखड्यांवरून फिरवला.

"दादानं काढलं ना?" ती म्हणाली.

हो म्हणणं किती सोपं होतं! वडील काही सांगायला येणार नव्हते. मी मुलीकडे पाहिलं. ती मुद्दाम दुसरीकडे, भिंतीवरच्या पुराच्या पाण्याच्या रेघेकडे बघत होती. तिला माझी सुटका करायची होती, हे मला तेव्हा दिसलं.

"नाही, आत्या," मी म्हणालो. "मी काढलं."

आत कपबशीचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "तरीच. दादाचं काम असतं तर सरळ झालं असतं." आणि हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती फुलपात्र घेऊनच खाली बसली.

मुलगी वही आणि पेन्सिल घेऊन तिच्यासमोर गेली. "आजी, मला रकाना भरायचाय. तुमचं नाव काय?"

आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "त्याला विचार. बारशाला त्याचं नाव मी ठेवलंय. माझं त्याला सांगू दे."

पस्तीस वर्षांत ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मी ते सांगितलं. एकदा नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. इथे लिहीत नाही. ते ज्या वहीत जायचं होतं त्या वहीत गेलं.

आम्ही घरी परतलो तेव्हा आई ओट्यापाशी न बसता बाहेर खुर्चीत बसली होती. बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर, चहाचा कप हातात धरून. तो चहा कधीचा निवला होता.

"भेटली?" आईनं विचारलं.

"भेटली. बरी आहे. चांगलं चाललंय," मी म्हणालो.

"असं नको सांगू," आई म्हणाली. "कशी दिसते?"

मी तोंड उघडलं. तासभर मी आत्यासमोर बसलो होतो, आणि आता मला तिच्या साडीचा रंगसुद्धा सांगता येईना. बाई कपात बघत राहिल्या. मला वाचवायला त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मुलगी आजीच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. "साडी फिकट निळी, सुती. पदराच्या टोकाला शाईचा डाग आहे. केस सगळे पांढरे, पण वेणी घालते, अंबाडा नाही. एका पायानं जरा जपून चालते. घड्याळ उलटं बांधते, तबकडी आतल्या बाजूला. काकाआजोबा चहा करतात आणि ती साखर पुन्हा घालते. तुझा विषय निघाला तेव्हा तिनं विचारलं, वहिनी अजून जात्यावरच्या ओव्या म्हणते का." आईचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. "आणि हसताना तोंडावर हात ठेवते. असा. उलटा."

"उलटा," आई म्हणाली. "अजून?"

"हो."

आईनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे रे महाडची?"